लोणारच्या काठी दोन दिवस

"खड्डा बघायला जायचं? त्यापरीस तेवढी वर्गणी द्या. विहाराच्या पत्र्याला रंग तरी लागंल."

महिला मंडळाच्या बैठकीत आत्याबाईंनी असे सुनावले आणि अर्ध्या बैठकीने माना डोलावल्या. आत्याबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आमच्या जालन्याच्या वस्तीतली बहुतेक माणसे रोलिंग मिलमध्ये, नाही तर बांधकामावर. रविवारची सुट्टी म्हणजे घरात साचलेली कामे उरकण्याचा दिवस. माणशी चारशे रुपये काढून एक तळे बघून यायचे, हे कुणाच्या हिशेबात बसेना.

पण गुरुजींनी एक प्रश्न विचारला आणि बैठक गप्प झाली. ते म्हणाले, "आपण आजवर कुठं कुठं गेलो, सांगा बरं?" बायका बोटे मोजू लागल्या. दीक्षाभूमी. चैत्यभूमी. भीमा कोरेगाव. एकदा महाड. बस्स. "आणि नुसतं बघायला? मजेनं?" त्याला उत्तर नव्हते. बाबासाहेबांना वंदन करायला आपण रेल्वेच्या फरशीवर झोपून जातो, ते जायलाच हवे. पण ज्या मुलखात राहतो त्यातला डोंगर, नदी, तळे बघायला आपल्या आईबापांना कधी सवड मिळाली नाही, आणि कित्येक ठिकाणी मोकळीकही नव्हती.

शिवाय पोरांच्यात आधीच वाद पेटला होता. एकाच्या घरातल्या जुन्या पुस्तकात लोणारचे तळे म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, असे छापलेले. दुसऱ्याच्या आजीने सांगितलेली गोष्ट लवणासुराची. तिसरा म्हणे, आकाशातून दगड पडला. गुरुजी म्हणाले, चला, जाऊनच पाहू.

अशी आमची सहल ठरली. डिसेंबर २०२५, तारीख १३ आणि १४, शनिवार-रविवार.

मुक्कामाची सोय आधी फोनवर केली होती. एका ठिकाणी दोन खोल्या आणि अंगण द्यायला मालक तयार झाला. दुसऱ्या दिवशी नावांची यादी सांगायला फोन केला. आमच्या पोराने सवयीने "जयभीम" म्हणून सुरुवात केली आणि चार आडनावे सांगून होतात न होतात तोच पलीकडून उत्तर आले की जागा भरली. कारण तेच असेल, असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. खरेच भरली असेल. पण फोन ठेवल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती आमच्या ओळखीची होती. संविधानाच्या पंधराव्या कलमात हॉटेल, दुकान, विहीर, तलाव, स्नानाचा घाट यांची नावे घालून भेदभावाला मनाई केली आहे. तक्रार करायची तर पुरावा काय, असे वकील विचारील. आम्ही चिडलो, मग खोल्यांचा नादच सोडला. मिलमधल्या एका सोबत्याच्या मेहुण्याचे शेत लोणारपासून जवळ आहे. तो म्हणाला, "ताडपत्री हाय ना? मग कशाला पायजे लॉज!"

आम्ही सत्तावीस जण निघालो. ताडपत्र्या, बांबू, मोठे पातेले, गॅसची लहान टाकी आणि गोधड्यांचे गाठोडे एका छोट्या टेम्पोतून पुढे गेले. आम्ही एस.टी.ने. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, त्याचा एवढा उपयोग आम्हांला पहिल्यांदाच झाला. आमच्यात बायकाच जास्त. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थळ खिडकीतूनच पाहिले, उतरायला वेळ नव्हता. पुढे दुसरबीड, बीबी, सुलतानपूर. तिथे गाडी बदलून दुपारी लोणारात.

तळे लांबून दिसत नाही, ही पहिली गंमत. सपाट मुलूख, तूर आणि कापसाची शेते, एक बारीकसा चढ, आणि एकदम पायाखालची जमीन संपते! समोर हे एवढे मोठे गोल विवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत १,८०० मीटरांहून जास्त, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. खोली दीडशे मीटरांच्या आसपास. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी, ताटात पिठले वाढल्यासारखे. काठ सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. कुणी मोठ्याने बोलेना. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "ह्याला खड्डा म्हणायचं व्हय!"

काठावर बसूनच गुरुजींनी शाळा भरवली. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. आपल्या दख्खनचा काळा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सगळीकडे ज्वालामुखीचा खडक आणि मध्येच गोल विवर, तेव्हा ते ज्वालामुखीचेच तोंड असणार, असे शंभर-दीडशे वर्षे पुष्कळ शास्त्रज्ञांनाही वाटत होते. म्हणजे पोराचे जुने पुस्तक खोटारडे नव्हते, जुने होते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या तशाच एका विवराशी याचे साम्य दाखवले. खरा उलगडा व्हायला १९७३ उजाडले. तळाला भोके पाडून आतला खडक वर काढला, तो चुरडलेला निघाला. त्यात काच झालेली खनिजे सापडली. ही काच भट्टीच्या उष्णतेने होते तशी नव्हे. प्रचंड तडाखा एका क्षणात बसला तरच तशी होते, आणि असा तडाखा ज्वालामुखी देऊ शकत नाही. आकाशातून आलेला दगडच देऊ शकतो. काळ्या खडकात उल्केने पाडलेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावर मात्र तशाच खडकात पुष्कळ. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येतात!

"कधी पडला?" एका मुलीने विचारले. गुरुजी हसले. पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे सांगत. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने मोजले तर पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाली. मुलीला हे काही पटेना. एवढा फरक कसा? रोलिंग मिलमधले काका मध्येच म्हणाले, "काटा बदलला की वजन बदलतं, पोरी. आमच्या भंगाराचं रोज बघतो आम्ही." आम्हांला वाटते, गुरुजींपेक्षा काकांनीच ते सोपे करून सांगितले.

लवणासुराची गोष्ट लोणारात प्रत्येक जण सांगतो. दैत्य या खड्ड्यात लपून बसायचा, विष्णूने त्याला मारले, त्याच्यामुळे पाणी खारट झाले. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे. मूर्तिपूजा आपली नाही, पण दगडावरचे कोरीव काम बघायला काय हरकत? आम्ही ते बाहेरून नीट निरखून पाहिले, आणि ज्याने हे घडवले त्या पाथरवटाचे नाव कुठेच नाही, याची हळहळ वाटली.

यावर आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने मुद्दा काढला. जोतिबा फुल्यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली दैत्य-राक्षसांच्या कथा उलट्या करून वाचल्या. मग लवणासुर म्हणजे इथे मीठ काढणारे मूळचे लोकच नसतील कशावरून? मुद्दा ऐकायला झकास होता, टाळ्या पडल्या. गुरुजींनी विचारले, "पुरावा?" पोरगा गप्प. "मग तूर्त वहीत लिहून ठेव. आपल्या बाजूचं आहे म्हणून खरं धरायचं नाही." कालामांना तथागतांनी हेच तर सांगितले होते.

मात्र इथे मीठ आणि खार निघत होता हे पक्के. अबुल फजलने 'आईने-अकबरी'त लोणारचा उल्लेख केला आहे तो काच आणि साबणाला लागणाऱ्या मालासाठी. आपण पापडात घालतो तो पापडखारही त्याच जातीचा.

संध्याकाळी काठाकाठाने चालायला निघालो. पूर्ण फेरी सहा किलोमीटरांच्या घरात जाते. आम्ही निम्मी केली. चढ फारसा नाही, पण वाट दगडांची, काटेरी बाभळीची. निघताना पोरांना बूट घाला म्हणून बजावले होते. बूट सगळ्यांकडे कुठले असणार! दोन चपलांचे अंगठे तुटले, ते सुतळीने बांधले. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर मागून बंद होणारी सँडल तरी पायात असू द्यावी, माणशी दोन लिटर पाणी न्यावे आणि पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस निवडावेत. हे अभयारण्य आहे. आत मुक्काम करता येत नाही, चूल पेटवता येत नाही आणि दगड उचलून आणायचा नाही, एकही नाही. अंधाराच्या आत बाहेर पडावे लागते.

शेतावर पोचलो तेव्हा ताडपत्र्या ताणून झाल्या होत्या. एकीखाली बायका-मुले, दुसरीखाली पुरुष. खिचडी, ठेचा, वरून मेहुण्याच्या शेतातल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. त्याची म्हातारी आई ताकाचा तांब्या घेऊन आली, ती आमच्यात जेवायलाच बसली. आत्याबाईंनी तिला वाढले. दोघींनी गुडघेदुखीवर तासभर चर्चा केली.

जेवणानंतर काका बोलू लागले. ते फारसे बोलत नाहीत. पण त्या फोनची गोष्ट त्यांच्या मनात घोळत असावी. त्यांनी दौलताबादचा प्रसंग सांगितला, जो बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. साल १९३४. चळवळीतले कार्यकर्ते बाबासाहेबांना म्हणाले, एकदा आमच्याबरोबर सहलीला चला. वेरूळची बौद्ध लेणी बघायचे ठरले. तीसेक माणसे. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने तोंडे धुळीने माखलेली. किल्ल्याच्या दारापाशी पाण्याने भरलेला हौद. काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. किल्ल्यात शिरणार, एवढ्यात एक म्हातारा मुसलमान मागून ओरडत धावत आला. हौद बाटवला, म्हणून. बघता बघता गर्दी झाली, शिव्यागाळी सुरू झाली. हिंदूंच्या लेखी अस्पृश्य तो मुसलमानाच्या लेखीही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी पाहिले. शेवटी किल्ला बघू दिला, तो एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

"महाडला १९२७ मध्ये, २० मार्चला, चवदार तळ्याचं पाणी पिऊन सात वर्षं झाली होती," काका म्हणाले. "तरी हे. बॅरिस्टर माणूस सहलीला जातो, आणि मागं बंदूक."

पोरे गप्प बसली होती. एका लहानग्याने विचारले, "मग त्यांनी सहल सोडून दिली?" काका म्हणाले, "न्हाई. किल्ला बघितला."

नंतर कंदील मालवला. ती रात्र आम्ही मुद्दाम निवडली होती. दर वर्षी डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीच्या दिशेने उल्कावर्षाव होतो. फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाची धूळ पृथ्वीच्या वाटेत येते आणि वातावरणात पेट घेते. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता, त्यामुळे आभाळ काळेभोर. जालन्यात मिलच्या उजेडात आणि धुरात आम्हांला इतके तारे कधी दिसले नव्हते. मृग नक्षत्र, खाली व्याध. गोधड्या अंथरून सगळे उताणे. पहिली रेघ चमकली तेव्हा एका बाईने पोराचा हात खाली ओढला. तारा तुटताना बोट दाखवू नये, कुणी तरी दगावते, असे तिच्या आईने सांगितलेले. तिचे तिलाच हसू आले. मग तीच मोजायला लागली. साधारण वाळूच्या कणाएवढी वस्तू जळते आणि एवढा लखलखाट होतो, असे गुरुजींनी सांगितल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आले. मग इथे पडला तो केवढा असेल? चौतीस मोजल्या, पुढे आकड्यावरून भांडण झाले आणि झोप लागली. थंडी कडक होती. पहाटे दवाने ताडपत्री ठिबकू लागली आणि निम्म्या गोधड्या भिजल्या, हेही सांगायला हवे.

सकाळी शेताच्या बांधावर त्रिसरण-पंचशील घेतले, चहा घेतला आणि धारेवर गेलो. काठावर गोमुखातून बारा महिने गोड्या पाण्याची धार पडते. खाली खारे तळे आणि वर हे गोडे पाणी. यात्रेकरूंची वर्दळ होती.

आत्याबाई धारेशी थबकल्या. त्यांच्या लहानपणी, त्यांच्या गावी, विहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून त्या उभ्या राहायच्या. कुणी वरून पाणी ओतले तर घरी न्यायचे. हे त्या कधी बोलत नाहीत, आम्हांला त्यांच्या सुनेकडून ठाऊक. त्यांनी चपला काढल्या, पुढे गेल्या, ओंजळ धरली. तोंड धुतले. पाय धुतले. मग पदर ओला करून मान पुसली. त्यांना घाई नव्हती. शेजारी एक परगावची बाई साडी पिळत होती. ती म्हणाली, "मावशी, जरा सरका ना, लेकराला अंघोळ घालायचीय." आत्याबाई सरकल्या. एवढेच घडले. पण काकांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

मग खाली उतरलो. पायऱ्या, पुढे झाडीतली वाट, मध्ये मध्ये जुनी पडकी देवळे, मोर, वानरे. आत्याबाईंचे गुडघे अर्ध्यातच बोलू लागले. त्या दोघी जणींसोबत एका दगडी चौथऱ्यावर बसल्या. आम्ही तळाशी पोचलो. पाण्याला उग्र, कुजकट वास. पाणी वाढल्याने काठाची वाट पुढे बुडालेली, म्हणून तळ्याला फेरी मारता आली नाही.

इथे गुरुजींनी खिशातून पिवळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. घरच्या हळदीत बुडवून वाळवलेल्या. एक पट्टी धारेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवली, पिवळीच राहिली. दुसरी तळ्याच्या पाण्यात, तर लालसर विटकरी! बायका एकदम म्हणाल्या, "हळदीच्या डागाला साबण लावल्यावानी!" अगदी तेच. तळ्याचे पाणी नुसते खारट नाही, साबणासारखे क्षारयुक्त आहे. त्यात सूक्ष्म शेवाळ मजेत वाढते, त्याचाच हा हिरवा रंग. जून २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, हेच पाणी गुलाबी झाले होते. तेव्हा आमच्या वस्तीतही मोबाईलवर अपशकुनाच्या गोष्टी फिरल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारातच जगणारे सूक्ष्म जीव वाढले, त्यांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

एका पोराने बिघडलेल्या स्पीकरमधले लोहचुंबक आणले होते. त्याने ते ओहोळाच्या रेतीतून फिरवले. चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटली. "उल्केचं लोखंड!" सगळी पोरे धावली. मोठ्यांपैकी चौघांनीही मोबाईलवर फोटो काढून घेतले. गुरुजी फक्त एवढेच म्हणाले, "घरी गेल्यावर आपल्या नाल्याच्या रेतीत फिरवून बघ आणि मग मला सांग." कण तिथेच झटकायला लावले.

चढताना दम निघाला. वर आलो, भाकरी खाल्ली, आणि एस.टी.त बसल्यावर झोपलेल्या पोरांची डोकी एकमेकांच्या खांद्यावर. खर्च माणशी तीनशे ऐंशी झाला. उरलेले वीस वीस रुपये विहाराच्या रंगासाठी जमा केले.

सोमवारी संध्याकाळी तो पोरगा हिरमुसला होऊन गुरुजींकडे आला. आमच्या नाल्याच्या रेतीतही चुंबकाला तेवढीच काळी दाढी. दख्खनच्या काळ्या दगडातच ते लोहकण असतात. "म्हणजे ती उल्का नव्हती," तो म्हणाला. फोटो मात्र अजून त्या चौघांच्या मोबाईलवर आहेत, खाली "उल्केचे लोखंड" असे लिहून. पोरगा आता घरोघर जाऊन ते खोडायला लावतो आहे.

आणि पुढच्या बैठकीत, रंगाचा हिशेब झाल्यावर, आत्याबाईंनी स्वतःच विषय काढला.

"वेरूळ किती लांब हाय?"

गुरुजींनी सांगितले, पहिली बारा लेणी बौद्धांची, एका दिवसात जाऊन येता येते.

"येता येता न्हाई, जाता जाता," आत्याबाई म्हणाल्या. "दौलताबादला उतरायचं. त्यो हौद कुठं हाय, मला बघायचाय."